कॉन्फरन्स सोडण्याची किंमत: बातमीतला आकडा आणि खरा हिशोब

शार्लटजवळ राहणाऱ्या एका मराठी पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी एसीसीमधल्या, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधल्या एका विद्यापीठात शिकते. विद्यापीठाने कॉन्फरन्स सोडली तर सोळा-सतरा कोटी डॉलर दंड बसेल, असं ते बातम्यांत वाचतात. खेळांच्या एका संघटनेतून बाहेर पडायला एवढा दंड कसा असू शकतो? तो कोर्टात टिकतो का? आणि शेवटी तो मुलीच्या फीमधूनच वसूल होणार का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त 'दंड' या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. बातमीत एक्झिट फीचा आकडा येतो. विद्यापीठाला मोजावी लागणारी खरी किंमत त्याहून बरीच जास्त किंवा बरीच कमी असू शकते. ती कशावर ठरते ते आधी समजून घेऊ. कोर्टाचं आणि फीचं उत्तर त्यातूनच मिळेल.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची संघटना. ती सामन्यांचं वेळापत्रक आखते, अजिंक्यपद स्पर्धा भरवते आणि सगळ्या सभासदांच्या सामन्यांचे प्रसारणहक्क एकत्र विकते. रचना आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या जवळची आहे. उपविधी असतात, ते सभासदांनीच मतदानाने मंजूर केलेले असतात, आणि ठराव बहुमताने झाला की विरोधात मत देणाऱ्यालाही तो लागू होतो. सोसायटीपेक्षा एक फरक मात्र फार मोठा आहे. सोसायटीत सभासद पैसे भरतो. इथे टीव्हीचा पैसा आधी कॉन्फरन्सच्या खात्यात येतो आणि तिथून दरवर्षी सभासदांना वाटा मिळतो. थोडक्यात, बाहेर पडणाऱ्याचा पैसा आधीच संघटनेच्या हातात असतो. कॉन्फरन्सला वसुलीसाठी विद्यापीठाच्या दारात जावं लागत नाही, फक्त वाटा रोखून धरायचा असतो. पुढचं बरंचसं या एका गोष्टीवर फिरतं.

मेरिलँड विद्यापीठाचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये एसीसीने एक्झिट फी वाढवून कॉन्फरन्सच्या वार्षिक खर्चाच्या तिप्पट केली. ती रक्कम साधारण ५ कोटी २२ लाख डॉलर भरत होती. मेरिलँड आणि फ्लोरिडा स्टेट यांनी विरोधात मत दिलं होतं. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मेरिलँडने बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. एसीसीने नॉर्थ कॅरोलायनात दावा लावला आणि मेरिलँडचा वाटा द्यायचं थांबवलं. मेरिलँडने १५ कोटी ७० लाख डॉलरचा उलट दावा केला. ऑगस्ट २०१४ मध्ये तडजोड झाली: तोवर रोखलेले सुमारे ३ कोटी १४ लाख डॉलर एसीसीने ठेवून घ्यायचे, मेरिलँडने त्यावर काही द्यायचं नाही. म्हणजे उपविधीत ५ कोटी २२ लाख असताना प्रत्यक्षात गेले त्याचे साठ टक्के, आणि तेही चेक न फाडता. तडजोड याच आकड्यावर का थांबली? रोखलेला पैसा परत मिळवायला मेरिलँडला खटला जिंकावा लागला असता आणि उरलेला पैसा मिळवायला एसीसीला. ज्याच्या हातात जे होतं त्यावर दोघांनी समाधान मानलं. अशा वादांमध्ये मी सगळ्यात आधी विचारते ते हेच: आज पैसा कोणाकडे आहे?

बिग १२ या कॉन्फरन्समधून २०१०-१२ या काळात चार विद्यापीठं गेली, तिथेही हीच पद्धत दिसते. नेब्रास्काचे सुमारे ९२ लाख ५० हजार डॉलर, कोलोरॅडोचे सुमारे ६८ लाख ६० हजार, आणि नंतर टेक्सस ए अँड एम व मिझुरी यांचे प्रत्येकी सुमारे १ कोटी २४ लाख. मोठी रक्कम हाताबाहेर जाण्याऐवजी येणारा वाटा कमी झाला. हिशोबाच्या वह्यांत ही गोष्ट 'खर्च' म्हणून दिसत नाही, 'कमी उत्पन्न' म्हणून दिसते. विद्यापीठाच्या ताळेबंदात 'एक्झिट फी' असं शोधून काही सापडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता दुसरा भाग. याच्यामुळे खेळ बदलला. एक्झिट फी कितीही वाढवली तरी श्रीमंत कॉन्फरन्स ती फेडायला मदत करू शकते, हे मेरिलँड प्रकरणात सगळ्यांना दिसलं. म्हणून एप्रिल २०१३ मध्ये एसीसीच्या सभासदांनी 'ग्रँट ऑफ राइट्स' नावाचा वेगळा करार केला. आपल्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रसारणहक्क प्रत्येक विद्यापीठाने ठराविक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून दिले. आधी ही मुदत २०२७ पर्यंत होती. २०१६ मध्ये एसीसी नेटवर्क या वाहिनीसाठी ईएसपीएनशी करार झाला, तेव्हा ती २०३६ पर्यंत वाढली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा विद्यापीठाने फी भरली आणि दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. तरी त्याच्या घरच्या सामन्यांचे हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. घर सोडलं, पण भाडं जुन्या मालकाच्याच खात्यात जमा होत राहतं, असा हा प्रकार. मग नवीन कॉन्फरन्सला त्या विद्यापीठाला पूर्ण वाटा देण्यात काय रस? जी गोष्ट टीव्ही कंपनीला विकता येत नाही तिचे पैसे ती देणार नाही. फी हा एकदाचा खर्च आहे. हक्कांचं हस्तांतरण मुदत संपेपर्यंत दरवर्षी टोचत राहतं.

फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये दावा दाखल केला, तेव्हा बाहेर पडण्याची एकूण किंमत ५७ कोटी २० लाख डॉलर असल्याचं म्हटलं होतं. तो आकडा पाहून लोक हबकले. त्याची फोड पाहिली तर चित्र साफ होतं: त्यातली एक्झिट फी होती फक्त सुमारे १३ कोटी. ४२ कोटी ९० लाख हे २०३६ पर्यंतच्या प्रसारणहक्कांचे होते, आणि उरलेले किरकोळ. म्हणजे तीन-चतुर्थांश बोजा ज्या दस्तऐवजात होता त्याला 'दंड' असं कोणी म्हणतच नव्हतं. कोणत्याही विद्यापीठाबद्दल असा मोठा आकडा वाचला की आधी विचारा: यात फी किती आणि हक्क किती?

तिसरी गोष्ट वेळ. इथे चुका सर्वांत जास्त होतात आणि त्या सर्वांत महाग पडतात. बहुतेक अमेरिकन विद्यापीठांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून ३० जून ही कळीची तारीख. बऱ्याच उपविधींत ठराविक मुदतीआधी नोटीस दिली तर एक फी आणि उशीर झाला तर दुप्पट, अशी तरतूद असते. माउंटन वेस्ट या कॉन्फरन्समध्ये २०२३ साली वर्षभर आधी नोटीस दिली तर साधारण १ कोटी ७० लाख आणि नंतर दिली तर ३ कोटी ४० लाखांच्या आसपास, असं गणित होतं. तिथल्या सॅन दिएगो स्टेटला पॅक-१२ या कॉन्फरन्सकडून निमंत्रणाची आशा होती, पण ते हातात पडलं नव्हतं. जूनच्या मध्यावर त्यांनी कॉन्फरन्सला पत्र लिहिलं: राजीनाम्याचा इरादा आहे, महिनाभर मुदतवाढ द्या. कॉन्फरन्सने त्या पत्रालाच राजीनामा मानलं आणि सुमारे ६६ लाख डॉलरचा वाटा रोखला. निमंत्रण आलंच नाही. ३० जूनला विद्यापीठाने आपण राहतोय असं कळवलं आणि जुलैमध्ये प्रकरण मिटलं, कॉन्फरन्सचा वकिलीखर्च मात्र विद्यापीठाच्या गळ्यात पडला. 'इरादा आहे' आणि 'राजीनामा देत आहोत' यांतलं अंतर पत्र लिहिणाऱ्याला स्पष्ट वाटतं. वाचणाऱ्याच्या वकिलाला ते तसं वाटेलच असं नाही. म्हणून असं पत्र पाठवण्याआधी उपविधीतली नोटिशीची व्याख्या शब्दशः समोर ठेवावी, आणि नोटीस देण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे की विश्वस्त मंडळाला, तेही पाहून घ्यावं.

टेक्सस स्टेटने २०२५ मध्ये हीच तारीख बरोबर साधली. सन बेल्ट सोडायची फी ५० लाख डॉलर होती आणि १ जुलैनंतर ती १ कोटी होणार होती. विश्वस्तांनी निर्णय घेतला ३० जूनला.

काही ठिकाणी फी लहान आणि नोटिशीची मुदत लांब असते. अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये १ कोटी डॉलर आणि २७ महिने, अशी अट होती. सत्तावीस महिने थांबायचं म्हणजे नवीन कॉन्फरन्सचा मोठा वाटा दोन हंगाम बुडवायचा, आणि तेवढा काळ 'जाणारे' म्हणून राहायचं. खेळाडूंची भरती त्यात फार अवघड होते. म्हणून विद्यापीठं मुदत विकत घेतात. सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांनी प्रत्येकी १ कोटी ८० लाख कबूल केले, हप्त्यांनी, आणि २०२३ मध्ये गेले. कनेटिकटने १ कोटी ७० लाख दिले होते. सदर्न मेथडिस्टने २०२४ मध्ये एसीसीत जाताना अडीच कोटी मोजले, शिवाय नव्या घरी नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेण्याचं मान्य केलं. ही शेवटची अट मला फीपेक्षाही बोलकी वाटते. दंड फक्त जुनी संघटना लावते असं नाही, नवीन संघटनाही प्रवेशाची किंमत वसूल करते. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले ते साधारण निम्म्या वाट्यावर.

याच खात्यात आणखी एक अदृश्य वजावट आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत संघाने खेळलेल्या सामन्यांनुसार एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची राष्ट्रीय संघटना 'युनिट' देते आणि त्याचे पैसे सहा वर्षं कॉन्फरन्सला मिळत राहतात. विद्यापीठ गेलं तरी त्याने कमावलेले युनिट सहसा जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. बास्केटबॉलमध्ये चांगल्या असलेल्या विद्यापीठासाठी ही रक्कम लहान नसते, पण बातमीत तिचा उल्लेख क्वचितच येतो. पैशाबाहेरची शिक्षाही असते. जेम्स मॅडिसन विद्यापीठाने २०२१ मध्ये सीएए ही कॉन्फरन्स सोडत असल्याचं जाहीर करताच उपविधीच्या आधारे त्यांच्या संघांना त्या वर्षीच्या कॉन्फरन्स अजिंक्यपदातून वगळलं गेलं. ज्या मुलामुलींचा निर्णयाशी काही संबंध नव्हता त्यांचा हंगाम त्यात गेला. अशी तरतूद मला चुकीची वाटते. संस्थांच्या भांडणाची किंमत खेळाडूंकडून घेऊ नये, आणि तरतूद आधीपासून उपविधीत होती म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: हे कोर्टात टिकतं का?

अमेरिकन करारकायद्यात मूळ तत्त्व असं की करार मोडल्याबद्दल आधीच ठरवलेली रक्कम नुकसानभरपाईचा वाजवी अंदाज असेल तर चालते, धाक घालण्यासाठी असेल तर ती 'दंड' ठरते आणि कलमच निरर्थक होतं. मग कॉन्फरन्सला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ची रीत वेगळी आहे. तिथे नमूद रक्कम ही कमाल मर्यादा धरतात आणि तिच्या आत वाजवी भरपाई देतात. भारतात वकिली केलेले लोक अमेरिकेतले हे वाद वाचताना 'कोर्ट रक्कम थोडी कमी करून देईल' असं गृहीत धरतात. तिथे सरसकट तसं होत नाही. कलम एक तर उभं राहतं किंवा पडतं. दोन्ही बाजूंचा धोका त्यामुळे मोठा असतो आणि तडजोडीकडे ओढाही जास्त असतो.

कॉन्फरन्सच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच असतं. एक सभासद गेल्याने टीव्हीच्या करारावर, वेळापत्रकावर, प्रवासखर्चावर आणि प्रतिष्ठेवर नेमका किती परिणाम होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच तर रक्कम ठरवून ठेवली. सभासद काही अडाणी ग्राहक नाहीत, वकिलांच्या फौजा बाळगणाऱ्या संस्था आहेत. त्यांनीच मतदान केलं आणि वर्षानुवर्षं फायदा घेतला. विद्यापीठाच्या बाजूने दोन मुद्दे जोरकस असतात. फी जर कॉन्फरन्सच्या खर्चाच्या पटीत बांधली असेल, तर त्या खर्चाचा आणि सभासद गेल्याने होणाऱ्या नुकसानीचा संबंध काय? आणि गेलेल्याच्या जागी नवीन सभासद येऊन उत्पन्न घटलंच नसेल तर नुकसान कुठलं? मेरिलँडच्या जागी एसीसीने लुइव्हिलला घेतलं होतं, हे विसरू नका. माझ्या अनुभवात या वादात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे फी वाढवली त्या सभेचं इतिवृत्त. तिथे 'कोणी जाऊ नये म्हणून' असं कोणी बोललेलं आणि लिहिलेलं असेल, तर विद्यापीठाचं अर्धं काम झालं. 'नुकसानीचा अंदाज घेऊन' असं असेल आणि सोबत आकडेमोड जोडलेली असेल, तर कॉन्फरन्सचं.

प्रक्रियेतली चूक हा तिसरा रस्ता, आणि तो अनेकदा तत्त्वाच्या वादापेक्षा जास्त चालतो. बॉस्टन कॉलेजने २००३ मध्ये बिग ईस्ट सोडायचं ठरवलं तेव्हा फी १० लाखांवरून ५० लाख डॉलर केल्याचा दावा कॉन्फरन्सने केला. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने दुरुस्ती नियमाप्रमाणे मंजूर झालीच नव्हती असं म्हटलं आणि १० लाखच लागू धरले. म्हणून उपविधी वाचताना फक्त आकडा वाचू नका. तो आकडा कोणत्या तारखेच्या ठरावाने आला, सूचना किती दिवस आधी गेली होती, मतं किती लागत होती आणि किती पडली, हेही पाहा.

दावा कुठे चालतो यालाही वजन आहे. सरकारी विद्यापीठ हे राज्याचाच भाग असल्याने दुसऱ्या राज्याच्या कोर्टात आपल्यावर दावा चालू शकत नाही, असं ते म्हणतं. मेरिलँडने तसं म्हटलं होतं, नॉर्थ कॅरोलायनाच्या अपील कोर्टाने ते २०१३ मध्ये फेटाळलं. तरी आपल्या घरच्या कोर्टात आधी पोहोचण्याची शर्यत लागतेच. फ्लोरिडा स्टेटच्या विश्वस्तांची तातडीची सभा होणार हे कळताच एसीसीने २१ डिसेंबर २०२३ रोजी नॉर्थ कॅरोलायनात दावा टाकला. फ्लोरिडा स्टेटचा दावा फ्लोरिडात २२ तारखेला दाखल झाला. तीन महिन्यांनी क्लेमसनने साउथ कॅरोलायनात तिसरी आघाडी उघडली. एकच करार, तीन राज्यांची कोर्टं.

तर टिकतं का? मेरिलँडपासून फ्लोरिडा स्टेटपर्यंतच्या या मोठ्या प्रकरणांत 'ही रक्कम भरपाई की दंड' यावर शेवटचा निकाल लागण्याआधीच तडजोड झाली. दोन्ही बाजूंना निकाल परवडत नाही. कॉन्फरन्स हरली तर उरलेल्या सगळ्यांना दार उघडं होतं. विद्यापीठ हरलं तर पूर्ण रक्कम आणि वर वकिलीखर्च. म्हणून नेमकं उत्तर असं: कलम कोर्टात टिकेल का हे परिस्थितीवर आहे, पण तडजोड होईपर्यंत दबाव टाकण्याइतकं ते जवळजवळ नेहमीच टिकतं.

एसीसीचंही तेच झालं, आणि तुमच्यासाठी हाच भाग महत्त्वाचा. ४ मार्च २०२५ च्या तडजोडीने दोन गोष्टी बदलल्या. टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग आता प्रेक्षकसंख्येच्या आधारे वाटला जातो आणि ४० टक्के समान. दुसरं, बाहेर पडण्याची रक्कम वर्षागणिक उतरती ठरली: २०२५-२६ ला १६ कोटी ५० लाख डॉलर, मग दरवर्षी १ कोटी ८० लाख कमी होत २०३०-३१ ला ७ कोटी ५० लाख. तुम्ही वाचलेला आकडा या शिडीची वरची पायरी आहे. आणि रक्कम भरली की विद्यापीठ आपले प्रसारणहक्क घेऊन जाऊ शकतं. या एका वाक्यासाठी खरं भांडण होतं. फी आधीच्या १३ कोटींवरून १६.५ कोटी झाली म्हणजे बाहेर पडणं महागलं, असं काहींनी लिहिलं. ते चूक आहे. हक्कांचा ४२ कोटी ९० लाखांचा बोजा सुटला, म्हणजे एकूण किंमत कोसळली.

२०३०-३१ हे वर्ष का निवडलं असेल? बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे, बिग १२ चा २०३०-३१ पर्यंत. त्या सुमारास सगळं पुन्हा वाटाघाटीला येईल आणि नवीन सभासदाची किंमत ठरवता येईल. थांबणं आणि आत्ता जाणं यांतला फरक एका काल्पनिक उदाहरणाने दाखवते. जुना वाटा वर्षाला ४.५ कोटी, नव्या कॉन्फरन्सचा पूर्ण वाटा ७ कोटी, पण पहिली तीन वर्षं निम्माच, असं धरा. २०२८-२९ ला गेलं तर फी ११.१ कोटी. पहिल्या तीन वर्षांत दरसाल ३.५ कोटी मिळणार, म्हणजे जुन्यापेक्षा एक कोटी कमी, तीन वर्षांत तीन कोटींची आणखी घट. एकूण खड्डा १४.१ कोटी. त्यानंतर दरसाल अडीच कोटी जास्त, म्हणजे खड्डा भरायला आणखी साडेपाच वर्षांहून जास्त. एकूण साडेआठ वर्षांच्या पुढे, व्याज न धरता. तेच २०३०-३१ ला, नवीन करारात पूर्ण वाटा मिळवून गेलं तर फी ७.५ कोटी आणि तीन वर्षांत वसूल. यातला कोणताही आकडा बदला, उत्तर बदलेल. पण सर्वांत जास्त हलवणारा आकडा फीचा नाही, नव्या ठिकाणी पहिल्या वर्षांत किती वाटा मिळतो त्याचा आहे.

फी नसेल तर जाणं फुकट असतं का? पॅक-१२ चं उदाहरण नाही म्हणतं. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रसारणकरार आणि हक्कांचं हस्तांतरण दोन्ही संपत होतं, त्यामुळे दहा विद्यापीठांना जायला एक्झिट फी लागणार नव्हती. पण उपविधीप्रमाणे मुदतीआधी नोटीस देणारा सभासद कार्यकारी मंडळातली जागा गमावतो. वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट या उरलेल्या दोघांनी त्याच कलमावर बोट ठेवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टाने मंडळाचा ताबा त्या दोघांकडे दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला, आणि तडजोडीत जाणाऱ्यांना मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडावे लागले. नोटीस देताच मत जातं का, हे कलम शोधून ठेवायला हवं. फीच्या कलमाकडे सगळे पाहतात, याच्याकडे नंतर लक्ष जातं.

उलट्या बाजूचा दंडही आता निघाला आहे. पॅक-१२ मध्ये उरलेल्या त्याच दोन विद्यापीठांना २०२४ च्या हंगामासाठी सामने हवे होते. माउंटन वेस्टने ते दिले, पण आमचे सभासद ओढलेत तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी ५ लाख वाढवत, अशी अट घातली. पुढे पॅक-१२ ने पाच विद्यापीठं घेतली. १०० अधिक १०५ अधिक ११० अधिक ११५ अधिक १२० लाख, म्हणजे साडेपाच कोटी. ही अट स्पर्धाविरोधी आहे म्हणून पॅक-१२ ने सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल कोर्टात दावा लावला. ही फी विद्यापीठाच्या एक्झिट फीपेक्षा वेगळी आहे, ती कॉन्फरन्सने कॉन्फरन्सला द्यायची असते. बातम्यांत दोन्ही एकत्र करून एकच मोठा आकडा दिला जातो, तो तसा घेऊ नका.

आता मुलीच्या फीचं. इथे विद्यापीठ कोणतं यावर उत्तर अवलंबून आहे. मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांत क्रीडाविभागाचं उत्पन्न मुख्यतः टीव्हीचा वाटा, तिकिटं आणि देणग्या यांतून येतं. एक्झिट फी बहुधा वाट्यातून वळती होते किंवा नव्या कॉन्फरन्सच्या येणाऱ्या उत्पन्नावर कर्ज काढून फेडली जाते. थेट विद्यार्थ्यांकडून वसुली सहसा होत नाही. लहान कॉन्फरन्समध्ये चित्र वेगळं असतं. तिथे विद्यार्थ्यांची क्रीडाफी आणि विद्यापीठाचं अनुदान हेच उत्पन्नाचे मोठे झरे असतात, त्यामुळे पन्नास लाखांची फीसुद्धा त्यांनाच जाणवते. मात्र मोठ्या विद्यापीठांतही २०२५-२६ पासून ताण वाढला आहे. 'हाउस' नावाच्या खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षीची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. एक्झिट फी आणि हा खर्च एकाच पेटीतून जातात. पेटी अपुरी पडली तर मुख्य विद्यापीठाकडे हात पसरला जातो.

हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. सरकारी विद्यापीठ असेल तर क्रीडाविभागाचा एनसीएएला दिला जाणारा वार्षिक उत्पन्न-खर्च अहवाल माहिती अधिकारासारख्या राज्याच्या कायद्याखाली मागवता येतो, काही विद्यापीठं तो संकेतस्थळावरच ठेवतात. त्यात तीन ओळी शोधा: विद्यार्थी फी, विद्यापीठाकडून थेट मदत, आणि कॉन्फरन्सकडून आलेला वाटा. तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. तिसरी ओळ खाली जात असताना पहिल्या दोन वर जात असतील, तर भार विद्यार्थ्यांकडे सरकतोय. खासगी विद्यापीठ हा अहवाल देणार नाही. तिथे दरवर्षीच्या फी-तक्त्यात 'ॲथलेटिक्स फी' किंवा तत्सम नावाची वेगळी ओळ आली आहे का, एवढंच बाहेरून दिसतं.